दिवस भरलेत म्हणते

"पटारे, तुझे दिवस भरलेले नाहीत," हजेरीतून मान वर न करता डावरे बाई म्हणाल्या आणि मागच्या बाकावरून फिस्स करून एक हसू सुटलं. बघता बघता ते तिन्ही रांगांत पसरलं. पटारे बिचारी लालेलाल झाली. आपण काय बोललो हे बाईंना कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर त्या जास्तच भडकल्या. "हसायला काय झालं गं? एवढे खाडे केल्यावर दिवस भरणार कुठून? परीक्षेला बसू दिलं नाही म्हणजे मग हसा!" एरवी अशा वेळी सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं हसायचा मान पुष्पावती मुसमाडेचा. तिचं हसू म्हणजे काय, भिंतीपलीकडचा वर्गसुद्धा त्याची वाट बघायचा. आज ती तोंड उघडून तशीच राहिली. हसू घशापर्यंत आलं आणि तिथंच त्याचा पाय घसरला. खाडा. हा शब्द तिनं परवाच ऐकला होता, आणि शाळेत नाही, बाळंतिणींच्या दवाखान्यात ऐकला होता. तिथं त्याचं काय काम होतं, हे तिनं परवा स्वतःला विचारलं नव्हतं. शाळेतला शब्द दवाखान्यात कसा गेला? बाई फळ्याकडे वळल्या. त्यांच्या पायात कोऱ्या चपला होत्या आणि पावलागणिक त्या करकरत होत्या. करकर, करकर, मग थांबायचं, मग पुन्हा एक बारीक करकर. पुष्पीच्या मानेवर सर्रकन काटा आला. अगदी अस्साच. दवाखान्यातल्या त्या पोराचा आवाज अगदी असाच होता. ते रडत नव्हतंच मुळी, नव्या चपलेसारखं करकरत होतं.

परवा, म्हणजे सोमवारी, ती दवाखान्याच्या ओसरीवर कॉफीचा थर्मास धरून उभी होती. आत तिची वहिनी होती. मुसमाड्यांचं मूळ घर देवळाली प्रवराला, पाटाच्या पाण्यावरच्या उसात. पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून वडिलांनी सावेडीच्या माळावर बंगला बांधला आणि वहिनीला दिवस गेल्यावर तिलाही नगरलाच ठेवून घेतलं, डॉक्टर जवळ हवा म्हणून. वहिनी पहिलटकरीण. तिचे दिवस सगळं घर मोजत होतं. आई पंचांगात बघून मोजायची, वडील कारखान्याच्या मीटिंगा ठरवताना मोजायचे, भांडी घासणारी बनुबाईसुद्धा राखेच्या बोटांनी मोजायची. सातव्यात डोहाळजेवण झालं, झोपाळ्यात झालं, बागेत झालं, फुलांचे दागिने घालून फोटो झाला. आणि नववा लागला न लागला तोच, दुपारी लोणच्याची फोड तोंडात धरून वहिनी एकदम खाली बसली. "अजून दिवस भरले नाहीत हो!" आई रस्ताभर म्हणत होती. टांगेवाल्याला म्हणाली, दवाखान्याच्या आयाला म्हणाली, डॉक्टरांना म्हणाली. आणि ते एक वाक्य ऐकल्याबरोबर सगळा दवाखाना कसा उठून उभा राहिला होता! कापूस आला, गरम पाण्याच्या बाटल्या आल्या, आणि आतल्या खोलीतली ती पेटी ओढून काढली. लाकडाची पेटी, वरून काच, आत दोन बल्ब आणि पाण्याची वाटी, कडेला हात घालण्यापुरती झडप. वहिनीचा मुलगा त्या उजेडात पिवळ्या आंब्यासारखा पिकत पडला. पुष्पीला तर ती मोठीच गंमत वाटली होती. आढीतला भाचा.

आणि सोमवारी ती बाई आली. टायरच्या बैलगाडीतून, उसाच्या वाढ्यांवर, हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्यांवर आडवी पडून. बरोबर नवरा. तो चाकापाशीच उभा राहिला, चपला काढून, जणू अंगणापासूनच देऊळ सुरू होतं. बाईचं नाव रंगुबाई, पाथर्डीच्या बाजूच्या कुठल्या तरी कोरड्या गावची, प्रवरेकडच्या टोळीबरोबर नगरजवळच्या फडात ऊस तोडायला आलेली. फडातच कळा सुरू झाल्या. मोठ्या इस्पितळाकडे चालले होते, पण गाडीतच पाणी गेलं म्हणून मिळेल त्या दारात उतरवली. साळवे सिस्टर कंबरेवर हात ठेवून तिला विचारत होत्या, "बाई, दिवस भरलेत का? अगं, ऐकलंस का, दिवस भरलेत का?" रंगुबाईनं डोळे मिटून दात आवळले होते. तेव्हा पुष्पी पुढं झाली. होणारच. तिला कोणी थांबवायचं? नुकतंच तिनं जिल्ह्याच्या वक्तृत्वस्पर्धेत पाच शाळांच्या पोरांना गप्प बसवलं होतं. आपल्याला आवाज आहे हा शोध तिला दिवाळीनंतर लागला होता, आणि नवी सायकल मिळालेल्या पोरानं उगाच गल्लीतून घंटी वाजवत फिरावं तशी ती तो आवाज घेऊन सगळीकडे फिरत होती. "सिस्टर, थांबा, मी विचारते," ती म्हणाली, "मला ह्यांची भाषा येते." आणि गुडघ्यावर बसून, थर्मास पोटाशी धरून, गोड आवाजात तिनं विचारलं, "रंगुबाई, दिस भरल्यात का वो तुमचं?"

रंगुबाईनं डोळे उघडले. तिच्या नजरेत जे होतं ते पुष्पीला तेव्हा वेदना वाटलं. आज, डावरे बाईंच्या करकरत्या चपलांमागून पुन्हा तिकडे बघताना, ते काही तरी दुसरंच दिसत होतं. चोरी पकडायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं ती बघत होती. "भरल्यात की वो बाई," ती धापा टाकत म्हणाली. "मुकादमाला इचारा पायजे तर. टोळी आल्यापून एकबी खाडा न्हाई माजा. आज सकाळच्यालाबी मोळ्या वाह्यल्या."

पुष्पीनं त्यातले पहिले दोन शब्द उचलले. बाकीचं ऐकलं, पण उचललं नाही. कळा आल्या की बायका काय वाटेल ते बोलतात, असं तिनं आईकडून ऐकलं होतं. ती उठली, वळली, आणि जिल्ह्यात पहिल्या आलेल्या आवाजात आत ओरडली, "दिवस भरलेत म्हणते!"

मुकादमाला विचारा. वर्गात बसल्या बसल्या पुष्पीनं दोन्ही कानांवर तळवे दाबले. वहिनीचे दिवस मोजायला सगळं घर होतं. रंगुबाईचे दिवस मोजणारा एकच माणूस होता, आणि तो भलतेच दिवस मोजत होता. आणि त्या बाईला वाटलं, ही शाळेच्या गणवेशातली, दोन वेण्यांची पोरगीसुद्धा तेच मोजायला आलीय. इथंही. कळांच्या मध्येच.

पोर झालं तेव्हा पुष्पी दाराशी होती. सिस्टरांनी ते एका हातावर घेतलं, दुसरा हात रिकामाच राहिला. "किती बारीक आहे!" पुष्पी म्हणाली. "ह्यांची अशीच असतात," सिस्टर म्हणाल्या, फडकं गुंडाळता गुंडाळता, अगदी सहज, पाऊस नाही म्हणावं तसं. "दुष्काळाकडची माणसं. आया चिपाडं आणि पोरं पाचट. दिवस भरून येतात तरी अशीच येतात. आणि जगतात बघ मेली, कशावरही जगतात." सिस्टर काही दुष्ट नव्हत्या. वहिनीचे पाय त्यांनी स्वतःच्या हातानं चेपले होते. त्या वाक्यात राग नव्हता, किळस नव्हती, म्हणून तर ते इतकं सोयीचं होतं. त्याच्यावर पाट मांडून बसावं आणि जेवावं इतकं सोयीचं. पुष्पीही बसली. पोराला आईच्या लुगड्यात घालून दोघांना ओसरीच्या कोपऱ्यात सतरंजी दिली. पेटीचं नाव कुणी काढलं नाही. दिवस भरलेल्या पोराला पेटी कशाला?

इथवर आठवून ती थांबली असती तर बरं झालं असतं. चूक कानाची, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मन काही ऐकेना, ते तिला ओढत मंगळवारकडे घेऊन गेलं. मंगळवारी सिस्टर आईला पेटीतला भाचा दाखवत होत्या. झडपेतून हात घालून त्यांनी त्याच्या कानाची पाळी दुमडली आणि बोट काढून घेतलं. "बघा, अजून थोडी मऊ आहे, हळूहळू उलटते. दिवस भरलेल्या पोराचा कान टपकन जागेवर येतो. आणि फारच आधीचं असलं ना, तर कान दुमडला की तस्साच राहतो, ओल्या कागदासारखा." पुष्पीला असल्या गोष्टी फार आवडायच्या. जगात अशा खुणा सगळीकडे ठेवलेल्या आहेत आणि आपल्याला त्या एकेक सापडत चालल्यात असं तिला हल्ली वाटायचं. थोड्या वेळानं उरलेला शिरा द्यायला ती ओसरीवर गेली. रंगुबाई पदराखाली पोराला छातीशी धरून बसली होती, आणि पदरातून एक कान बाहेर आला होता. सहज, निव्वळ करून बघावं म्हणून, पुष्पीनं तो दुमडला. बोट काढलं. कान तसाच राहिला. ती बघत राहिली. तो उलटला नाही. त्याच्यावर कोवळ्या भेंडीवर असते तसली बारीक लव होती, पाठीपर्यंत गेलेली, आणि तिला एकदम आपण कुणाचं तरी उघडं पत्र वाचतोय असं झालं. नखानं तिनं तो कान पुन्हा सरळ केला. "काय बघतीस, ताई?" रंगुबाई हसली, "कान बापावर गेल्यात." "हो ना," पुष्पी म्हणाली. आणि आत निघून गेली. काय होतं तिच्या मनात तेव्हा? तिनं आता स्वतःला दटावून विचारलं. मनात होतं ते एवढंच की ह्यांची अशीच असतात. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाला, लाज वाटावी असं आणखी एक होतं: मी भरलेत म्हटलं ना, मग भरलेत.

"बाई, मला घरी जायचंय," ती उभी राहिली. "काय झालं?" "पोटात दुखतंय." "हिचेसुद्धा भरले वाटतं!" मागून कुणी तरी कुजबुजलं आणि पुन्हा हशा पिकला. सबंध वर्गात दोन मुली हसल्या नाहीत, एक पटारे आणि एक ती. दप्तर छातीशी धरून ती बाहेर पडली.

चितळे रोडवर दुपारचं ऊन पांढरं झालं होतं. शिमगा होऊन गेलेला, दुकानांच्या पायऱ्यांवर अजून रंगाचे डाग होते. ती भराभर चालत होती, पण तिला वाटत होतं आपण जागच्या जागीच पाय उचलतोय. कापडबाजाराच्या तोंडाशी रसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं वाजत होती, कांडी आत जायची आणि चिपाड बाहेर पडायचं, एकाच माणसाच्या हाताखालून, आणि चिपाडांच्या ढिगावर एक शेळी उभी होती. तो ढीग बघितला आणि तिला देवळालीचा बांध आठवला. कशाला आठवला? तिला तर तो आठवायचा नव्हता. लहान असताना दर वर्षी टोळी यायची. वावराच्या कडेला वाढ्यांनी शाकारलेल्या कोप्या उभ्या राहायच्या, तीन दगडांची चूल पेटायची, बायका पहाटेच उसात शिरायच्या. नवरा तोडणार, बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीला नेणार. दोघं मिळून एक कोयता. वडील मुकादमाला विचारायचे, "औंदा किती कोयते आणलेस?" आणि छोट्या पुष्पीला वाटायचं ते खरंच कोयते मोजताहेत. मग टोळी जायची, कोप्या मोडायच्या, आणि पाटाच्या बांधाला बाभळीच्या काट्यांचे बारके बारके ढीग उरायचे. वर एकेक दगड. पुष्पी आणि तिची भावंडं त्यांच्यावरून उड्या मारायची. काटा पायाला लागला तर डाव गेला. एकदा बन्सीगड्यानं तिला दंडाला धरून बाजूला ओढलं होतं. "तिकडं न्हाई खेळायचं, ताई." "का?" "उसवाल्यांची कच्ची पोरं हायत तिथं. कुत्री उकरत्यात, म्हून काट्या." कच्ची. तिला वाटलं होतं, खेळातली. खेळात लहानग्यांना घेतात ना कच्चं म्हणून, ज्यांच्यावर राज्य येत नाही ती. म्हणजे ती पोरं कुठं तरी लपलीत. ती कित्येक दिवस त्यांना शोधत होती, उसाच्या सरीत वाकून, पाटाच्या पुलाखाली डोकावून, "आउट! आउट!" असं ओरडत. आपल्या वाड्यातल्या, चुलत्यांच्या, भाऊकीतल्या कुणाच्या पोराचा काट्यांचा ढीग बांधावर तिनं कधी बघितला नव्हता. दर वर्षी पाणी सोडलं की पाट ते ढीग थोडे थोडे घेऊन जायचा आणि दर वर्षी नवे व्हायचे, आणि सगळे म्हणायचे, त्यांची अशीच असतात. नाही, कोणी म्हणायचंसुद्धा नाही. म्हणावंसुद्धा लागायचं नाही. ऊन डोक्यात शिरत होतं. मागून कुणी तरी अनवाणी पळत येतंय असं तिला वाटलं. तिनं वळून बघितलं. एक हातगाडी होती, एक सायकलवाला होता. पण पावलं वाजत होती, हलकी, पुष्कळ, डाव सोडून बाहेर आलेल्या पोरांची. ती पळत सुटली.

ओसरीवर रंगुबाई उभी होती. अंगाला लुगडं कसलेलं, डोक्याला फडकं, पदराच्या झोळीत पोर. नवरा, आसाराम त्याचं नाव, गाडीत वाढी नीट लावत होता. "चल, उरक," तो म्हणत होता, "मुकादम दोन दिस गप बसला, तिसऱ्याला न्हाई बसायचा." पुष्पी धापा टाकत पायरीवर आली आणि तिचा हात धरला. "रंगुबाई, थांबा. तुम्हाला कितवा महिना होता?"

"काय की वो."

"आठवा ना! शेवटचा कावळा कधी शिवला होता?"

रंगुबाईनं नवऱ्याकडे बघून पदर ओढला. "ह्या बया! बापय मानसापुढं काय इचारतीस गं?" पण पुष्पीचं तोंड बघून तिनं आवाज खाली आणला. "पंचमीला. म्याहेरी गेल्ते. भावजयीनं झोक्यावर बसू दिलं न्हाई, शिवू नको म्हनली. त्याच्यामागं न्हाईच."

श्रावण, भादवा, अश्विन. पुष्पी बोटं दुमडत गेली. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. आणि हा शिमग्याचा फाल्गुन, तोही अजून पुरा नाही. हाताची बोटं शिल्लक होती आणि महिने संपले होते. ती आत धावली. साळवे सिस्टर ट्रे घेऊन चालल्या होत्या. "सिस्टर, त्यांचे दिवस भरलेले नाहीत. आठवासुद्धा पुरा नाही."

"मग परवा 'भरलेत' म्हणून कोण ओरडलं होतं?"

"मी. मी दिवस विचारले, त्यांना वाटलं कामाची हजेरी विचारते. खाडा नाही म्हणाल्या त्या. कामाला खाडा नाही."

सिस्टर ट्रे खिडकीत ठेवून ओसरीवर आल्या, रंगुबाईच्या पदरात हात घालून त्यांनी पोराचा कान दुमडला, मग पाऊल हातात घेऊन तळव्यावरून अंगठा फिरवला. तळवा कोरा होता, त्याच्यावर रेघच नव्हती. सिस्टरांचा चेहरा एकाएकी वयानं मोठा झाला. "तीन दिवस हे हिच्या अंगाच्या उबेवर जगलंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आज गाडीत उघड्या वाऱ्यावर..." आणि मग, कुणाकडेही न बघता, "पेटी एकच आहे."

पुष्पी पेटीच्या खोलीत शिरली. आई स्टुलावर जप करत बसली होती, वहिनी पलीकडे खाटेवर. पुष्पी काय बोलली ते तिला नंतर नीट आठवेना. तिचा तो गाजलेला आवाज कुठं गेला होता कोण जाणे, शब्द एकमेकांच्या पायात येत होते. आईनं माळ थांबवली. "तुझं डोकं फिरलंय का, पुष्पे? आपल्या घरातलं पहिलं लेकरू, ते बाहेर काढायचं? आणि कोणासाठी?" मग आवाज दाबून, "आठव्यातलं ना ते? आठव्यातलं जगत नाही गं. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही. उगाच नसतं लचांड. आणि उद्या आपल्याला लागली पेटी तर काय, त्यांच्या पोराच्या मागं आपला ठेवायचा?"

मागून आलेल्या सिस्टर म्हणाल्या, "तसं तुमच्या बाळाचं वजन बरं आहे, आईजवळ ठेवला तर चालेल. पण डॉक्टर आल्याशिवाय मी..."

"द्या इकडं," वहिनी म्हणाली.

"तू पड सूनबाई, तू कशाला..."

"पडूनच आहे की. पान्हा फुटून चोळी भिजतेय आणि पोर काचेत. सगळे त्याच्याकडे बघतात, मला अजून त्याचा वास माहीत नाही." वहिनी लग्न होऊन आल्यापासून आईसमोर एवढं कधी बोलली नव्हती. तिचे हात पुढं आलेले होते. "वन्सं, द्या ना माझं पोर माझ्याकडे." तिला रंगुबाईचं काही पडलेलं नव्हतं, आणि पुष्पीला ते स्वच्छ दिसलं, आणि तरीही तिला रडू फुटलं. सिस्टरांनी काच उचलली. आई तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली.

आता ओसरीवर वेगळंच. "काचंत?" रंगुबाई दोन पावलं मागं सरली. "न्हाई बया. काचंत काय ठेवत्यात? मेलेलं ठेवत्यात." "ऊब असते त्यात," पुष्पी म्हणाली. "ऊब मग माजी काय वाईट हाय?" "वाईट नाही, पण तुम्ही मोळ्या उचलायला लागलात की?" रंगुबाईनं पदरात खाली बघितलं. गाडीतून आसाराम म्हणाला, "आगं, तू हितं बसलीस तर कोयता मोडला की आपला. अर्ध्या कोयत्याला कोण इचारतंय? रोजचा खाडा मांडंल तो."

"मांडू द्या," रंगुबाई म्हणाली.

"काय?"

"खाडा मांडू द्या म्हनलं. पयल्यांच्या वक्ताला मांडला न्हाई, काय मिळालं? दोन गेली बांधाला." हे ती चिडून बोलली नाही. वाढ्यांकडे बघत, हिशोब चुकल्यासारखं बोलली. आसारामनं तोंडातली काडी काढली, पुन्हा घातली, बैलांच्या मानेवर हात फिरवत राहिला. "दोन दिसांनी येतो," तो शेवटी बैलांनाच म्हणाला. गाडी वळली.

पोर पेटीत ठेवलं तेव्हा बल्बच्या उजेडात ते आरपार लाल दिसलं. कातडी जणू अजून विणायची राहिली होती. ते करकरलं, आणि मग गप्प झालं. फारच गप्प. बरगड्यांखालचा तो खळगा हलायचा थांबला, ओठांभोवती निळं धुरकट काही तरी उतरू लागलं. रंगुबाईच्या घशातून आवाज निघायच्या आत सिस्टरांनी झडपेतून हात घातला आणि पोराच्या तळव्यावर टिचकी मारली. खळगा हलला. "घाबरू नका," सिस्टर म्हणाल्या, पण त्यांच्या कपाळावर घाम होता. "इतक्या आधी आलेली पोरं श्वास घ्यायला विसरतात. पोटात तेवढं शिकायचं राहून गेलेलं असतं. कुणी तरी आठवण करून द्यावी लागते." पदराखाली तीन दिवस कितीदा विसरलं असेल ते? आणि आईच्या छातीच्या धडधडीनं कितीदा आठवण दिली असेल? रंगुबाई पेटीला टेकून फरशीवर बसली. बसल्या बसल्या तिची मान खाली गेली. दिवसाउजेडी तिला झोप लागली होती, तोंड उघडं, हात उताणे, तळव्यांवर उसाच्या पात्यांच्या जुन्या-नव्या चिरा, आणि त्या हातांत आता काहीच नव्हतं. आतून कुणाच्या तरी कळांचा आवाज आला. सिस्टर दोन्हीकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या. "तू बस," त्या पुष्पीला म्हणाल्या, "डोळा हलवू नकोस. थांबलं की टिचकी मारायची. हळू, पण लागेल अशी." आणि त्या गेल्या.

पुष्पी बसली. झडपेतून घातलेला तिचा हात उबेत घामेजला होता आणि त्या हाताशी एक पाऊल होतं, तिच्या अंगठ्याएवढंही नसेल. काचेत खिडकी दिसत होती, खिडकीत उतरतं ऊन, आणि त्या उन्हात पोरं जमत होती. तिनं मान वर केली नाही. त्यांच्याकडे बघायला तिला सवड नव्हती. ती काचेच्या अगदी जवळ आलीत, नाकं लावून उभी आहेत, कुणाच्या केसांत बाभळीचे काटे आहेत, आणि ती ओरडत नाहीत, खेळत नाहीत, फक्त बघताहेत की हे आपल्यात येतंय का. खळगा हलत होता. हलत होता. "पुष्पे," दारातून आईचा हळू आवाज आला, "टांगा आलाय. चल बाळा, शाळेतनं आल्यापासून पोटात काही नाही तुझ्या." तिला हो म्हणायचं होतं, येते म्हणायचं होतं, पण बोलायला श्वास लागतो आणि तिचा श्वास ह्या पोराच्या श्वासाला बांधलेला होता. खळगा थांबला. तिनं टिचकी मारली. काही नाही. पाऊल जसंच्या तसं, गरम, हलकं, कुणाचंच नसल्यासारखं. मागं आईची माळ थांबली. पुष्पीनं पुन्हा टिचकी मारली, जरा जोरात, आणि ओठ न हलवता, जिल्ह्यात कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, घे. घे ना रे. निळसर ओठांच्या कोपऱ्यात एक सुरकुती आली. मग सगळी छाती एकदम आत गेली आणि वर आली, पोरानं तो एक श्वास घेतला, आणि पुढच्याचं काहीही कबूल न करता ते पुन्हा निवांत पडलं. पुष्पीनं बोट वाकवून तयार धरलं.